तेवीस नंबरचं दुखणं

ती शिवणखात्यात गेली होती ती कोटाचं बटण लावून घ्यायला. दुसरं काही कामच नव्हतं. हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुवायच्या खोलीला लागून ही लांबुळकी खोली. चार शिलाई मशिनं, हिरव्या कापडाचे ढीग आणि चादरी-गाउन शिवणाऱ्या एक मावशी. एरवी मशिनांची खडखड जिन्यापर्यंत ऐकू यायची. त्या दिवशी सगळं गप्प. आत बघते तर काय... मधल्या मशीनखालून दोन पाय बाहेर आलेले, आणि मावशी कमरेवर हात ठेवून त्या पायांना रागावतायत.

"अरे बाबा, ऊठ की आता! किती वेळ लोळशील?"

"उठतो ना. पट्टा बसवतोय," खालून आवाज आला.

"पट्टा मघाशीच बसवलास. डोळे आहेत मला."

पाय काही हलेनात. तिनं वाकून बघितलं. तिशीतला एक माणूस, गालाला काळं तेल, कपाळावर घाम, आणि डाव्या हातानं उजवी जांघ गच्च दाबून धरलेली.

दुसरी कुणी असती तर 'अगंबाई' करून दोन पावलं मागं सरली असती. हिनं काय विचारावं?

"एकीकडेच आहे, की दोन्हीकडे?"

तो बावचळला. "काय?"

"हर्निया."

"छे हो! गॅस आहे. सकाळपासून जरा..."

"गॅस कुणी मुठीत धरून ठेवत नाही."

मावशींना हसू आवरेना. त्या बिचाऱ्याचे कान लाल झाले.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"तुमच्या गॅसला."

तो मशीनच्या बुडाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आठ महिने."

"आणि आज हे एकट्यानं उचललं?"

"स्टँडसकट उचललं गं!" मावशी म्हणाल्या. "मी म्हटलं थांब, कुणाला तरी हाक मारते. पण नाही! ऐकेल तर शपथ."

"ओतीव लोखंड आहे मावशी. दोघांनी धरलं की तोल जातो."

"आता तुझा गेला तो!"

ती फरशीवरच उकिडवी बसली. "गुडघे वर घ्या. अंग सैल सोडा. श्वास सावकाश... गेला आत?"

थोड्या वेळानं त्यानं मान हलवली. गेला होता.

"नशीब समजा. एक दिवस जाणार नाही, आतडं अडकेल, आणि मग तुम्हाला उचलायला चार माणसं लागतील. चला वर, सर्जनबाईंना दाखवू."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी आकडे लिहिते."

"मग तुम्हाला हर्नियातलं काय कळतं?"

"या वर्षात बावीस हर्निया माझ्या वहीत आहेत. तुम्ही तेविसावे."

अशी त्यांची ओळख झाली. कुणाची कशी होते, यांची अशी.

सर्जनबाईंच्या दारासमोर बाकावर अर्धा तास काढावा लागला. तिचं बटण तसंच लोंबत होतं. त्यानं शर्टाच्या कॉलरमागं खोचलेली सुई काढली, खिशातनं दोरा काढला.

"इकडं या. अंगातच असू दे. हलू नका मात्र."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"बटणच लावतोय हो."

ती श्वास धरून उभी राहिली. तो जवळ आला तसा त्याच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास येत होता, आणि त्याची बोटं... एवढी रांगडी बोटं, पण सुई कुठं आत गेली, कुठनं बाहेर आली, कळलं पण नाही. चार फेरे, एक गाठ. दोरा तोडायला तो दातांपर्यंत वाकला आणि मधेच थांबला.

"कात्री आहे का?"

"आहे," ती म्हणाली. कोटाच्या खिशात होती. पण हात खिशात जायला उगाचच वेळ लागला.

सर्जनबाई धिप्पाड, केस पांढरे, आवाज असा की भिंतीपलीकडच्यानंही ऐकून घ्यावं. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि समजावून सांगितलं. जांघेत पोटाची भिंत फाटलीय, तिथनं आतडं डोकावतंय. आतून जाळी लावून ती जागा बुजवायची. त्याच्या दोन तऱ्हा. एकीत डॉक्टर स्वतः उभं राहून हातात लांब काठ्या धरतो, दुर्बिणीनं पडद्यावर बघतो आणि काम करतो. दुसरीत त्या काठ्या रोबो धरतो आणि डॉक्टर कोपऱ्यात बसून त्याला चालवतो. भोकं दोन्हीत तीनच, बारीक. यातल्या कशानं रुग्णाला जास्त बरं पडतं, ते तपासायचं काम चालू होतं.

"म्हणजे मला रोबो मिळणार?" त्याचे डोळे चमकले.

"ते पाकीट ठरवणार. बंद पाकीट असतं, ते थिएटरमध्ये फोडायचं. तुला सांगायचं नाही, हिलाही सांगायचं नाही. नाहीतर तू रोबोच्या कौतुकातच बरा होशील आणि ही त्याच कौतुकात आकडे लिहील."

एवढ्यात त्याची आई येऊन पोचली. मावशींनी फोन केला होता. बाई दारातूनच सुरू झाली. "रोबो-बिबो काही नको हं! माझ्या पोराच्या पोटात मशीन घालायचं नाही!"

"आई, आयुष्यभर मशिनांच्या पोटात मीच हात घालतोय ना? एकदा त्यांना घालू दे."

सर्जनबाई खदखदून हसल्या. त्यानं सही केली. तेवीस नंबर.

हॉस्पिटलात तिला सगळे 'आकडेबाई' म्हणायचे. तिचं काम सोपं होतं, म्हणजे ऐकायला सोपं. शस्त्रक्रिया झाली की रुग्णाला रोज एकच विचारायचं... दुखण्याचा आकडा काय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. घरी गेल्यावर सकाळी अकराला फोन करून विचारायचं. आकडा तिनाच्या वर असेपर्यंत रोज फोन. तिनावर किंवा खाली आला की फोन बंद, मग थेट तीन महिन्यांनी एकदा. हे सगळं ती प्रत्येकाला आधीच समजावून सांगायची. त्यालाही सांगितलं. तिथंच घोटाळा झाला, पण ते पुढं कळलं.

पहिल्या दिवशी वॉर्डात तो चादरीखाली लाकडासारखा पडलेला.

"आकडा सांगा."

"किती देऊ?"

"द्यायचा नसतो. असेल तो सांगायचा."

"पडून सहा. खोकल्यावर आठ. तुम्ही आल्यावर..."

"एवढं विचारलेलं नाही."

"कागदावर जागा आहे की, शेवटी."

"ती शेऱ्याची आहे."

"मग हा शेराच आहे."

तिनं कागदात तोंड खुपसलं. सहा लिहिलं. पेनचं टोपण काही लवकर लागेना.

तो घरी गेला. आकडा उतरत गेला, सहाचा पाच, पाचाचा चार. आणि चारावर जो बसला तो बसलाच. आठवा दिवस चार, दहावा दिवस चार, बारावा चार.

फोन मात्र लांबत चालला. तिची खुर्ची खिडकीपाशी, शेजारच्या टेबलाला वॉर्डाच्या सिस्टर. सिस्टरांचं एक बोट कामात आणि दोन्ही कान इकडं.

"आकडाच विचारायचा ना गं?" सिस्टर म्हणायच्या. "त्याला अर्धा तास? तो काय दशांशात सांगतो?"

ती पाठ फिरवून बसायची.

पलीकडून तो विचारायचा, "एक सांगा, आत जाळी टाके घालून बसवलीय की बारीक खिळे मारून?"

"मला माहीत नाही. असतं तरी सांगितलं नसतं."

"टाके असतील तर रोबोच. हातात सरळ काठ्या घेऊन आत टाका घालणं म्हणजे बरणीच्या तोंडातनं दोन विणायच्या सुया घालून तळाशी गाठ मारायची. कोण मारतंय? रोबोला मनगट असतं म्हणे, सगळीकडं वळतं."

"वळतं. मी बघितलंय एकदा."

"बघितलंय? सांगा ना! कसा दिसतो?"

मग ती सांगत बसायची. रोबोच्या हातांना पारदर्शक प्लास्टिक घातलेलं असतं, नव्या सोफ्याला घालतात तसं. सर्जनबाई लांब कोपऱ्यात एका खोक्यात डोकं घालून बसतात, चपला काढून, पाय पायडलांवर...

"पायडल?" तो ओरडलाच. "थांबा, थांबा. बसायचं, खाली पायडल दाबायची, वर हातानं शिवायचं. अहो, हे तर शिलाई मशीनच झालं!"

तिला एवढं हसू फुटलं की सिस्टरांनी औषधांचा ट्रे खाली ठेवून तिच्याकडं बघितलं.

असं करता करता तिला कळायला लागलं की साडेदहा वाजले की आपण घड्याळाकडं बघतोय. वेणीवरून हात फिरवतोय... आता फोनवर कुणाला वेणी दिसते? पण फिरवतोय खरं.

एक दिवस त्यानं विचारलं, "तुम्ही याच कामात का पडलात हो? दिवसभर लोकांची दुखणी ऐकायची."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "माझ्या बाबांचं हेच ऑपरेशन झालं होतं. मी शाळेत होते. जुन्या पद्धतीनं, मोठा छेद घेऊन. जखम भरली, टाके निघाले, सगळे म्हणाले छान झालं. पण त्यांचं आत दुखायचं थांबलंच नाही. अजून खुर्चीवर तिरके बसतात. सायकल सुटली. त्यांना कुणी विचारलंच नाही हो, किती दुखतंय म्हणून. आणि विचारल्याशिवाय सांगणारे ते नव्हेत."

पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता.

"ऐकताय ना?"

"हो."

"मग सांगा, आजचा आकडा."

 "...चार," तो म्हणाला, पण आवाज एकदम खोल गेलेला.

तिचा जीव तुटला. एवढा आवाज खोल गेला, म्हणजे किती दुखत असेल याला!

आता नियम असा होता की चौदा दिवसांनंतरही आकडा तिनाच्या वर असला तर लगेच सर्जनबाईंना कळवायचं. तिनं कळवलं नाही. पंधराव्या दिवशी म्हणाली उद्या सांगू. सोळाव्या दिवशी पण तेच. रोज वाटायचं, उद्या उतरेल. खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सत्ताविसाव्या दिवशी सर्जनबाईंनी आपणहून वही उघडली. त्यांचं बोट तेवीस नंबरावर थांबलं.

"हे काय? चार, चार, चार... वीस दिवस चार? मला का नाही सांगितलंस?"

ती खाली पडलेलं पेन उचलायला वाकली.

"नस अडकली असेल जाळीत. बोलाव त्याला शुक्रवारी. आधी इंजेक्शन देऊन बघू. नाही उतरलं तर परत आत जावं लागेल. आणि ज्या पद्धतीनं केलंय तिच्या नावावर हे लागणार. शुक्रवारी या तपासणीवर नजर ठेवणाऱ्या समितीचे म्हातारे डॉक्टर येतायत, त्यांच्यासमोर ठेवावं लागेल."

परत आत!  चिठ्ठी टपालानं पाठवता आली असती, फोनवर सांगता आलं असतं. पण संध्याकाळी सुटल्यावर ती स्वतःच निघाली, छत्री घेऊन. भुरभुर पाऊस होता. सगळ्या रस्ताभर ती मनात वाक्यं जुळवत होती, ऐकून तो घाबरू नये अशी.

दुकान गल्लीच्या टोकाला. दारात मशिनं रांगेनं, भिंतीवर पट्टे टांगलेले, फळीवर तेलाच्या कुप्या. आई स्टुलावर बसून एका बॉबिनमधला गुंता सोडवत होती. बघितल्याबरोबर तिनं गुंता टाकला.

"तू ती आकडेवाली ना? ये, ये. भिजलीस की गं!"

"आई, त्यांना फार दुखतंय का हो?"

"कुणाला?"

"...तुमच्या मुलाला."

"ढब्याला? काय दुखतंय त्याचं?" आईनं चष्मा वर केला. "सकाळी दोन-दोन पायऱ्या उतरतो. ओझं उचलू नको म्हणून घसा बसला माझा. हां, रोज अकराला तेवढा आडवा होतो, फोन छातीवर घेऊन. मी म्हटलं, हॉस्पिटलानं सांगितलं असेल तसं पडायला."

तेवढ्यात मागच्या दारानं तो आला. शीळ घालत, स्टँडवरनं काढलेलं मशीनचं डोकं खांद्यावर. तिला बघितलं, आणि शीळ अर्ध्यात राहिली. त्यानं ते मशीन खाली ठेवलं, इतकं हळू की आवाज नाही.

"आकडा सांगा," ती म्हणाली.

"अहो, बसा तरी..."

"खरा."

"...शून्य."

"कधीपासून?"

"आठव्या दिवसापासून."

आईनं एकदा याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. "मी चहा टाकते," म्हणाली आणि पडद्याआड गेली. पडदा मात्र हलत राहिला.

"का?" तिनं विचारलं. "काय मिळालं तुम्हाला?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, तीन म्हटलं की फोन बंद. मी त्या आठव्या दिवशी शून्य म्हणणार होतो. तोंडात आलं होतं शून्य. पण तुम्ही म्हणालात 'सांगा', आणि मला वाटलं, आता हा आवाज थेट तीन महिन्यांनी... मग चारच निघालं तोंडातनं. दुसऱ्या दिवशी शून्य म्हटलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, एका दिवसात चार कसे उतरले?"

"आणि बाबांचं सांगितलं तेव्हा?"

त्यानं मान खाली घातली. "त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. खरं सांगायचंच ठरवलं होतं. पण खरं सांगितलं तर फोनही गेला आणि तुम्ही पण..."

"तुम्हाला परत कापायला निघाल्या होत्या सर्जनबाई!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की सुटकेचं, तिचं तिलाच कळेना. "आणि तुमचं सोडा. उद्या कुणाच्या तरी म्हाताऱ्या बापाला कशानं कमी दुखेल, ते या वहीतनं ठरणार आहे. त्या वहीत तुम्ही चार-चार लिहायला लावलंत. माझ्या हातानं!"

"शुक्रवारी येतो मी. सगळं सांगतो."

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

ती छत्री न उघडताच निघाली. मागनं आई ओरडली, "अगं, चहा!"

त्या दोन दिवसांत तिनं त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. पण शिव्या घालता घालता एक गोष्ट पायात काट्यासारखी टोचत राहिली. चौदाव्या दिवशी सांगायचं होतं. त्यानं खोटं सांगितलं, बरोबर. आपण काय केलं? आपण गप्प बसलो. का? सर्जनबाईंना सांगितलं असतं तर तेवीस नंबर त्यांच्या हाती गेला असता आणि अकराचा फोन सुटला असता. खरोखर दुखत असतं तर तेरा दिवस तो तसाच कण्हत राहिला असता, आणि आपण वेणीवर हात फिरवत बसलो असतो.

हे कळलं तेव्हा ती देवळात उभं राहिल्यासारखी गप्प उभी राहिली, ऑफिसच्या मधोमध.

"काय गं?" सिस्टरांनी विचारलं. "भूत बघितलंस?"

"आरशात," ती म्हणाली.

शुक्रवारी तो आला. धुतलेला शर्ट, नखांतलं तेल मात्र गेलेलं नव्हतं. टेबलापलीकडं सर्जनबाई, शेजारी समितीचे म्हातारे डॉक्टर. त्यांचा चष्मा इतका जाड की डोळे मासोळीसारखे दिसत. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आडपडदा नाही ठेवला. आठव्या दिवसापासून शून्य होतं, चार मी बनवलेला, आकडेबाईंना काही ठाऊक नव्हतं, त्यांना बोलू नका.

"बोलायला पाहिजे," ती मधेच उठली.  "मी चौदाव्या दिवशी कळवलं नाही. विसरले नव्हते. मुद्दाम नाही कळवलं."

"मुद्दाम?" सर्जनबाईंच्या भुवया वर गेल्या.

"फोन बंद होईल म्हणून."

 त्यानं झटकन मान वळवून तिच्याकडं बघितलं. ती टेबलाच्या कडेकडं बघत होती, पण कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या.

सर्जनबाईंनी लांब श्वास सोडला. "शाबास. दोघंही शाबास. सात महिने आम्ही पाकिटं बंद ठेवतोय, पट्ट्या सारख्या लावतोय, मशीन की हात ते कुणाला कळू देत नाही. आणि तुम्ही..." त्यांनी हात वर करून खाली टाकला. "फोन सोमवारपासून सिस्टर करतील. तू फायली लावायच्या. पुढं बघू."

"हो," ती म्हणाली. फोन गेला. वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही. पण छातीवरचं काहीतरी उतरलं होतं.

"आणि तू," त्या त्याच्याकडं वळल्या, "तुझे आकडे बाद. आता बाद झालासच, तर पाकिटाचं ऐकून जा. काय वाटतं तुला?"

"रोबो," तो लगेच म्हणाला. "माझी पैज. एवढं सफाईदार काम काठ्यांनी होत नाही."

सर्जनबाईंनी आपले दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. "हे होते. हेच. काठ्या धरून, दीड तास उभी."

तो त्या हातांकडं बघतच राहिला. "टाके घातलेत आत?"

"घातले."

"बाई..." तो म्हणाला. "तुम्ही आमच्या धंद्यात पाहिजे होतात."

"मग एवढा मोठा रोबो कशाला आणलात?" त्यानंच पुढं विचारलं. ही विचारायची गोष्ट नव्हती, पण त्याला राहवेना.

"माझी मान बघ. एवढी वर्षं पडद्याकडं वाकून बघितलं, आता उशी लागते. रोबोवर मी बसून काम करते, आतलं खोल दिसतं, मनगट वळतं. पण मांडामांडीला वेळ जास्त जातो, खर्चही जास्त. रुग्णाला त्यातनं काही जास्त मिळतं का? आजवर तरी मोठा फरक दिसत नाही. पण 'दिसत नाही' म्हणायलाही खरे आकडेच लागतात, कळलं? खोट्यानं तेवढंही म्हणता येत नाही."

"कळलं," तो म्हणाला. या वेळी खरंच कळलं होतं.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक कागद पुढं ओढला. बाद केलेल्या रुग्णाचा हा कागद असतो. नंबर, तारीख, कारण. त्यांनी पेन उघडलं.

"कारण काय लिहू? 'आकडे खोटे' हे झालं. खोटे का दिले, ते लिहावं लागतं. पुढं वाचणाऱ्याला कळायला पाहिजे."

तो घुटमळला. "लिहावंच लागतं?"

"लागतं."

त्यानं दाराकडं बघितलं, छताकडं बघितलं, मग सरळ तिच्याकडं. "लिहा... आकडे विचारणाऱ्या बाईंचा फोन रोज यावा म्हणून. आणि..."

"रेघ एकच आहे बाळा."

"मग बारीक लिहा. आणि, त्या आवडतात म्हणून."

म्हाताऱ्यांनी बारीक अक्षरात, एकेक शब्द मोठ्यानं म्हणत, लिहिलं. "...आव-ड-तात... म्ह-णून." सर्जनबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

मग कागद तिच्यापुढं सरकला.

"खाली तुझी सही. आणि त्याआधी ती चौकट. 'दिलेलं कारण नोंद घेणाऱ्यास खरं वाटतं का?' हो किंवा नाही. विचार करून भर हो. हा माणूस तीन आठवडे खोटं बोललाय."

तिनं पेन घेतलं.  तिनं त्याच्याकडं बघितलं. तो उभा होता, हात पाठीमागं, शाळेत निकालाला उभा राहतो तसा. या माणसाचं काय खरं, काय खोटं? चार खोटा होता. पण ते रोबोच्या पायडलवर ओरडणं? आणि बाबांचं ऐकून तो खोल गेलेला आवाज?

तिनं 'हो'वर खूण केली. एकदा केली, मग शाई नीट उमटली नाही असं वाटून त्याच खुणेवरून परत एकदा गिरवली. खाली सही केली आणि कागद म्हाताऱ्यांकडं सरकवला.

"झालं," ते म्हणाले. "बाद."

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीला टेकून थांबला होता. ती आली तशी सरळ झाला.

"चिडलायत अजून?"

"हो."

"किती?" विचारलं आणि त्यानं जीभ चावली. "नाही, आकडा नको."

"खूप चिडलेय. आणि हे बघा, परत कधी काही दुखलं आणि लपवलं, किंवा नसताना सांगितलं..."

"कानाला खडा."

"सगळं तोंडावर सांगायचं. मला आवडो न आवडो."

"सांगतो. आताच सांगतो." तो एक पाऊल पुढं आला. "मला परवापासून जेवण गेलेलं नाही. दुकानात एक मशीन उलट जोडलं, ते उलटं शिवतंय. आई बोलत नाहीये माझ्याशी, म्हणते तिला घेऊन ये, मग बोलेन. हे सगळं खरं आहे."

ती हसणार नव्हती. ठरवूनच आली होती. पण उलटं शिवणारं मशीन डोळ्यांपुढं आलं, आणि...

"हसलात!"

"नाही."

"हसलात. बघितलं मी."

ती ओठ दाबून फायलींचा गठ्ठा या हातातनं त्या हातात घेत राहिली. व्हरांड्याच्या टोकाला सिस्टर रिकामा ट्रे घेऊन उभ्याच होत्या, कुठंही न जाता.

"मी सहाला सुटते," ती म्हणाली, हळू, फक्त त्याला ऐकू येईल असं. "आईंना सांगा, त्या दिवशीचा चहा राहिलाय."

"सहाला. पुढच्या फाटकाशी थांबू?"

"मागच्या. पुढून सगळी सिस्टर मंडळी जातात."

"मला दोन्ही फाटकं चालतात गं!" टोकाकडून आवाज आला.

तिनं फायली तोंडासमोर धरल्या. तो जिन्याकडं निघाला, दोन पायऱ्या उतरून वळला, आणि बघतो तर फायलींच्या वरून दोन डोळे त्याच्याकडंच बघतायत.

"नीट उतर," ती म्हणाली. "एकेक पायरी."